बागेची चावी

बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा कॅशमध्ये. तिजोरीला दोन चाव्या, दोन माणसांकडे. एकट्याने उघडायचीच नाही. निवृत्त झाले, चावी सोपवली आणि सुटले म्हटलं. दोन वर्षांत दुसरी चावी गळ्यात आली. कोथरूडात आमच्या गल्लीच्या टोकाला महापालिकेची छोटी बाग आहे, तिच्या फाटकाची.

बाग म्हणजे एक बकुळ, तीन कडुनिंब, घसरगुंडी, चालायला गोल वाट आणि बारा बाकं. बाकांवर 'यांच्या विकासनिधीतून', 'यांच्या संकल्पनेतून'. बाक ही कुणाची तरी संकल्पना असते हे मला इथेच कळलं.

मार्चअखेर रखवालीचा ठेका संपला. नवा निघेपर्यंत रखवालदार नाही, आणि माळी आठवड्यातून एकदा. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि हिरवळीचा घसा नेमका एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. हे ज्याने ठरवलं त्याच्या घरी कुंडीसुद्धा नसावी. सकाळी सहाला चालणारी मंडळी फाटकाच्या गजांना धरून आत बघत उभी, असं आठवडाभर चाललं. मग बैठक झाली, अर्ज झाला, आणि ठेका होईपर्यंत फाटक रहिवाशांनी सांभाळायचं ठरलं. बँकेतली सवय म्हणून मीच म्हटलं, चाव्या दोन करा. एक माझ्याकडे, एक समोरच्या इमारतीतल्या इंजिनिअरसाहेबांकडे.

कुलूप काढणं सोपं होतं. पाणी घालणाऱ्याची मजुरी कोण देणार? घराला दोनशे रुपये वर्गणी ठरली. चाळीस घरांतून महिन्याला आठ हजार यायला हवे होते, पहिल्या महिन्यात पाच हजार चारशे आले. मग एकाच्या ओळखीने एका कंपनीत गेलो. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ मी घरून वाचून गेले होते : ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. तिथली मुलगी फार गोड बोलली. ओपन जिम देतो म्हणाली, सेल्फी पॉइंट देतो म्हणाली. मी म्हटलं, अगं, वर्षभर एक माळी दे. तर म्हणाली, "काकू, दिसेल असं काहीतरी सांगा ना."

नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक पुण्यात २००६ पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून आपल्या भागातलं काम सुचवता येतं. चांगली सोय आहे, आमची गोल वाट तशीच झाली. पण तीही 'कामं' सुचवायची सोय. फरशी बसते, दिवा लागतो, बाक येतं. संध्याकाळी पाइप धरून उभा राहणारा माणूस फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहायचा?

पुण्यातल्याच एम्प्रेस गार्डनचं उदाहरण बैठकीत दर वेळी निघायचं. ती बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया चालवते, १८३० सालची संस्था. पण तिथे तिकीट आहे, रोपवाटिका आहे, जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं. आमच्या एका बकुळीवर कोण तिकीट काढणार?

भाची कॅलिफोर्नियात असते. फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाली, मावशी, आमच्याकडेही असंच झालं होतं. २०११ साली तिथल्या राज्याने पैसे नाहीत म्हणून सत्तर उद्यानं बंद करायची यादी काढली. कुठे स्वयंसेवी संस्था पुढे आल्या, कुठे स्थानिक सरकार. सांता रोझाजवळचं अ‍ॅनाडेल सोनोमा काउंटीच्या उद्यान खात्याने चालवायला घेतलं. लोकांनी खिशात हात घातले. आणि २०१२ च्या जुलैत उघड झालं की त्याच राज्य उद्यान विभागाच्या खात्यांत पाच कोटी चाळीस लाख डॉलर न दाखवलेले पडून होते. बँकेत होते म्हणून सांगते, शिल्लक लपवणारा खातेदार मी पाहिलाय, पण एवढी शिल्लक लपवणारा नाही.

वर्गणीचा खरा त्रास मात्र मला पैशात दिसला नाही. बाग अकराला बंद व्हायची आणि चारला उघडायची. पलीकडच्या वस्तीतून आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांची सकाळची घरं साडेबारा-एकला संपतात, दुसरी तीनला सुरू होतात. मधल्या वेळात त्या जिन्याखाली नाहीतर दुकानाच्या पायरीवर डबा खातात. चावी माझ्याच हातात आहे, म्हटलं, आणि एक दिवस बाराला फाटक उघडलं. आठवड्याभरात कडुनिंबाखाली पंगत बसायला लागली. सुट्टीतली मुलं घसरगुंडीवर.

इंजिनिअरसाहेब संध्याकाळी आले. "वर्गणी आपण भरतो, वहिनी." त्यांनी 'फक्त परिसरातील रहिवाशांसाठी' अशी पाटी रंगवून आणली होती, अक्षर सुरेख. मी म्हटलं, जागा सरकारी, पाणी सरकारी. आपण दोनशे रुपयांत मालक झालो होय? शिवाय यांतल्या दोघी तुमच्याच घरी भांडी घासतात. ते गेले. पाटी त्यांच्या जिन्यात अजून उलटी टेकवलेली आहे. पण त्या महिन्यात सहा घरांची वर्गणी आली नाही.

जुलैत नवा ठेका झाला. रखवालदार आला, तरुण आहे, नम्र आहे, वेळेचा पक्का आहे. अकराला कुलूप लावतो. मी दोन्ही चाव्या त्याला दिल्या, सही घेतली. दुसऱ्या दिवशी एक वाजता डबे घेऊन बायका फाटकाशी आल्या, आणि माझ्या गॅलरीकडे बघून परत गेल्या.

दुपारीही बाग उघडी ठेवावी असा अर्ज घेऊन गेले. टेबलामागच्या बाईंनी वाचला, आणि विचारलं, दुपारी येणारे असे किती असतील? प्रश्न रास्त होता. बँकेतली एक कोरी वही सापडली, तारीख-संख्या-शेरा असे रकाने पाडले, आणि एक ते तीन फाटकासमोर खुर्ची टाकून बसते. सोमवारी अकरा. मंगळवारी सतरा, त्यांत पाच मुलं. बुधवारी पाऊस, तरी चार.