तुम्ही विचारलंत म्हणून: चिप विकत मिळते, मग डिझाइन कशाला?

लग्नकार्यात मामा विचारतो, लोकलमध्ये भेटलेली जुनी मैत्रीण विचारते, आणि परवा आमच्याच कंपनीतल्या पर्चेसच्या माणसाने विचारलं: "मॅडम, चुंबकीय क्षेत्र मोजणारी चिप लॅमिंग्टन रोडला पाच-पन्नास रुपयांत मिळते. प्रत्येक मोबाइलमध्ये असते. मग तुम्ही इतकी वर्षं तिचंच डिझाइन का करताय?"

विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी दर वेळी लागतं, आणि मी काहीतरी अर्धवट बोलून विषय बदलते. आज नीट सांगते.

पूर्वी मी म्हणायचे, "आपल्या देशात बनायला नको का?" यावर मामा गप्प बसायचा, पण त्याचं समाधान व्हायचं नाही, आणि खरं तर माझंही नाही. डिझाइन पवईत झालं तरी आमचे वेफर (चिप ज्यांवर घडतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) परदेशातल्या फॅबमधून, म्हणजे चिपच्या कारखान्यातून, येतात आणि पॅकेजिंग, म्हणजे चिपला प्लास्टिकचं आवरण चढवणं, तिसऱ्याच देशात होतं. देशाचं नाव घेऊन मी प्रश्नाला बगल देत होते.

काम काय आहे ते आधी ऐका. प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर चुंबकीय क्षेत्र आलं की तिच्या आडव्या दिशेला छोटंसं व्होल्टेज तयार होतं. हा हॉल इफेक्ट, तो जुना आहे. एडविन हॉल यांनी तो १८७९ मध्ये सोन्याच्या वर्खावर पाहिला. आम्ही सिलिकॉनमध्ये शंभर मायक्रॉनहून लहान, चार टोकांची प्लेट काढतो. दोन टोकांतून प्रवाह सोडायचा, उरलेल्या दोन टोकांवर व्होल्टेज बघायचं. मुंबईत पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला. एक मिलिअँपिअर प्रवाहाला त्यातून हाती लागतात काही मायक्रोव्होल्ट. आणि क्षेत्र नसतानाही ती प्लेट आपणहून जे व्होल्टेज दाखवते, तो ऑफसेट, याच्या शेकडो पट असू शकतो. म्हणून प्रवाहाची दिशा सतत ९० अंशांनी फिरवत राहायची. ऑफसेटचं चिन्ह उलटतं, हॉल व्होल्टेजचं तेच राहतं, बेरीज केली की ऑफसेट गळून पडतो. कागदावर हे चार ओळींचं काम आहे. चिपवर मात्र दिशा बदलणारा प्रत्येक स्विच स्वतःचा थोडा चार्ज सिग्नलमध्ये टाकतो, आणि मग त्याच्यामागे महिने जातात.

आता एका पावसाळ्याची गोष्ट. इलेक्ट्रिक स्कूटरच्या कंट्रोलरमध्ये मोटरचा करंट (त्याच्याभोवती तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरून) मोजायला एका ग्राहकाने आमचे नमुने घेतले होते. उन्हाळ्यात सगळं उत्तम चाललं. जुलैत ते लोक ट्रे घेऊन परत आले. त्यांचा इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "तुमचा सेन्सर पावसात वेगळा आकडा देतो." मीटिंगमध्ये आमच्याच बाजूचे एक वरिष्ठ हसले. ते हसू मला अजून आठवतं. मी काही बोलले नाही, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे तेव्हा काही नव्हतं.

लॅबमध्ये बसवलं तर खरंच आकडे वर सरकलेले. चाचणीसाठी क्षेत्र तयार करणारी कॉइल तपासली, तिचा करंट तपासला, सोल्डरिंग पुन्हा केलं. गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की शून्य जागेवर होतं. ऑफसेट अगदी स्वच्छ, फक्त उतार बदललेला. तेवढ्याच क्षेत्राला चिप एक-दीड टक्का जास्त उत्तर देत होती. ऑफसेटवर इतकी मेहनत घेतलेली, म्हणून आम्ही सगळे तिथेच शोधत राहिलो.

शेवटी काही चिप १२५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर भाजल्या. सकाळी आकडे पूर्ववत! मग निम्म्या चिप कोरड्या नायट्रोजनच्या कपाटात ठेवल्या, निम्म्या उघड्या खिडकीशी. कपाटातल्या जागच्या हलल्या नाहीत. खिडकीतल्या काही दिवसांत पुन्हा वर गेल्या.

कारण पॅकेजच्या काळ्या प्लास्टिकमध्ये होतं. ते गरम असताना ओततात, आणि थंड होताना ते सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त आकसतं, त्यामुळे चिप कायम दाबाखाली असते. मुंबईची दमट हवा लागत राहिली की प्लास्टिक पाणी शोषून फुगतं आणि तो दाब सैल होतो. अशा सिलिकॉन प्लेटची संवेदनशीलता एक गिगापास्कल (हजार मेगापास्कल) ताणाला, म्हणजे अशा दाबाला, साधारण ४५ टक्क्यांनी बदलते. त्या हिशेबाने तीसेक मेगापास्कलचा फरक आमचा घोळ घालायला पुरेसा होता.

उपाय आहे. प्लेटशेजारी ताण ओळखणारे रेझिस्टर बसवायचे आणि त्यांच्या सांगण्यावरून संवेदनशीलता दुरुस्त करत राहायची. पण त्याला नवीन टेप-आउट लागतो, म्हणजे सुधारलेलं डिझाइन पुन्हा फॅबला पाठवावं लागतं, पैसे लागतात, महिने लागतात. ग्राहक थांबला नाही. त्याने ताणाची भरपाई आतच करणारी परदेशी चिप घेतली.

इथे मामाचं बरोबर होतं. त्या ग्राहकाच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. हे मान्य करायला मला वेळ लागला.

पण पर्चेसच्या त्या माणसाला एक गोष्ट सांगायची आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. १८५९ चं मोठं सौरवादळ तिथे टिपलं गेलं. पुढे शहरात विजेवरची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा तिच्या प्रवाहाचं क्षेत्र नोंदींत मिसळेल हे वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांच्या काळातल्या मंडळींनी ट्राम धावण्याआधीच ओळखलं. १९०४ मध्ये ट्रामपासून दूर अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली, १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, आणि १९०७ मध्ये ट्राम आली तेव्हा मालिका तुटली नाही. आपल्या उपकरणात क्षेत्राखेरीज काय काय शिरतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून हे जमलं.

आमच्या चिपला अलिबाग नाही. तिला मोटरला खेटून, उकाड्यात, खड्ड्यांत, ओल्या हवेतच राहायचं आहे. विकतच्या चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, या सगळ्याबद्दल एक ओळ असते, काही टक्के ड्रिफ्ट (आकडा सरकणं), बस. ती ओळ कुठून येते हे समजणारी माणसं आपल्याकडे हवीत असं मला मनापासून वाटतं, आणि ती नुसतं डेटाशीट वाचून तयार होताना मी पाहिलेली नाहीत. त्या जुलैनंतर आमच्या टीममधली नवी पोरं कुठलाही सेन्सर हातात आला की आधी त्याचं पॅकेज बघतात.

याला बाजारात किंमत किती, मला सांगता येत नाही. ताण मोजणारी आमची पुढची चिप फॅबमध्ये आहे. ती पावसात टिकली तरी लाखोंच्या संख्येने निघणाऱ्या परदेशी चिपपेक्षा स्वस्त होणार नाही. मग ती कोणी घ्यावी? आमच्या टीममध्येच यावर दोन मतं आहेत, आणि दिवस बघून मी कधी एका बाजूला असते, कधी दुसऱ्या.