पूरपातळीचं ॲप: ‘डेटाबेस इज लॉक्ड’चा छडा

मंडळी, ॲपचं काम बरंच पुढे सरकलंय. नव्यांसाठी थोडक्यात: सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी, कोयनेचा विसर्ग आणि आमच्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकाचा पाऊस, तिन्ही एकाच आलेखात. 40 फुटांवर इशाऱ्याची रेषा, 45 वर धोक्याची. भाषा पायथन, खिडक्या-बटणांसाठी क्यूटी आणि खाली नोंदी साठवायला एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलीत मावणारा डेटाबेस.

पावसाळ्यात नोंदी दाट झाल्या आणि ‘डेटाबेस इज लॉक्ड’ (डेटाबेसला कुलूप आहे) या एररने डोकं वर काढलं. एक थ्रेड (ॲपमध्ये समांतर चालणारं काम) पातळी लिहितोय, तेवढ्यात फॉर्ममधून पाऊस भरला की एरर. दोघांची कनेक्शनं वेगळी आहेत.

आधी एसक्यूलाइटचा वॉल मोड लावला, ज्यात नवे बदल आधी वेगळ्या ‘वॉल’ फाइलमध्ये लिहिले जातात. 2010 पासूनची ही सोय. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, लिहिणारा वाचणाऱ्याला. आलेख अडकायचा थांबला. पण लिहिणारा एका वेळी एकच, हे वॉलमध्येही सुटत नाही. म्हणून टाइमआउट, म्हणजे कुलूप सुटायची वाट बघायची मुदत, 5 सेकंदांवरून 30 वर नेला. तरी एरर येतेच, आणि तीही तत्काळ! थांबायला 30 सेकंद दिलेत आणि हा पठ्ठ्या क्षणभरही थांबत नाही, तिथेच पाणी मुरत होतं.

पायथन 3.11 पासून एररचं नेमकं नाव छापता येतं. छापलं तर निघालं ‘एसक्यूलाइट_बिझी_स्नॅपशॉट’, कोड 517. फॉर्मचा कोड साध्या ‘बिगिन’ने (डेटाबेसचा व्यवहार सुरू करायची आज्ञा) सुरू व्हायचा, शेवटची नोंद वाचायचा, मग नवी लिहायचा. वाचन आणि लेखन यांच्यामध्ये दुसऱ्या थ्रेडने कमिट केलं (आपली नोंद पक्की केली) की आपण वाचलेलं शिळं. शिळ्यावर एसक्यूलाइट लिहू देत नाही, आणि कितीही थांबलं तरी ते ताजं होणार नाही, म्हणून टाइमआउट विचारातच घेतला जात नाही.

उपाय एका शब्दाचा: ‘बिगिन’ऐवजी ‘बिगिन इमिजिएट’. लिहायचा हक्क सुरुवातीलाच घ्यायचा. मग रांग लागते आणि टाइमआउटही पाळला जातो. मात्र नेटवरून आकडे आणायचं काम ‘बिगिन’च्या आधी उरकून घ्या, नाहीतर नेट रेंगाळलं की सगळेच ताटकळतात.

साताऱ्याच्या मित्राला हीच फाइल नेटवर्कच्या शेअर्ड फोल्डरमध्ये हवी होती. स्पष्ट नाही म्हटलं. वॉलला सगळे प्रोसेस एकाच मशीनवर लागतात. त्याला एसक्यूलाइटच्या ‘व्हॅक्युम इनटू’ या आज्ञेने काढलेली प्रत देतो. ॲप चालू असताना नुसती डीबी फाइल कॉपी केली तर वॉल फाइलमधल्या ताज्या नोंदी मागेच राहतात.

आता विसर्गाच्या आलेखाचं झूम हातात घेतलंय.