लाल्याची देवी

हरभऱ्याला दुसरं पाणी देणं चालू होतं तेव्हाची गोष्ट. दारव्ह्याकडच्या आमच्या गावात ओलिताची थ्री फेज लाइन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. स्प्रिंकलरचे पाइप एका जागी तीन तास ठेवायचे, मग मोटर बंद करून ते उचलून पुढे न्यायचे आणि परत मोटर चालू करायची. मधल्या तीन तासांत माणसानं करायचं काय? बाबा शेकोटीपाशी बसायचे. मी मोटरच्या खोलीत लॅपटॉप उघडून एल्डन रिंग या गेममधल्या मलेनिया नावाच्या बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, हातून मरायचो.

गेम आला 25 फेब्रुवारी 2022 ला. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, आणि त्या जगाचा जुना इतिहास लिहायला जॉर्ज आर. आर. मार्टिन. माझ्या हाती आला तो बराच उशिरा, सेलमध्ये. डाउनलोड पन्नास जीबीच्या आसपास आणि माझा पॅक रोजचा दीड जीबीचा. म्हणून अमरावतीला मित्राच्या रूमवर एक रात्र मुक्काम केला आणि त्याच्या वायफायवर गेम उतरवून आणला. लॅपटॉप सेकंडहँड, सगळं सेटिंग लो. पण चालला.

मलेनियाला मारल्याशिवायही गेम संपतो, हे आधी सांगतो. ती वाटेतली नाही, वाट सोडून शोधावी लागते. एका पदकाचे दोन तुकडे. एक अल्बिनॉरिकांच्या गावात मडक्याचं सोंग घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याकडे, दुसरा कॅसल सोलमध्ये. ते जोडून रोल्डच्या लिफ्टवर वेगळ्या पद्धतीनं उचलायचं, मग न दिसणाऱ्या पुलावरून चाचपडत जायचं, मग बर्फ, मग ऑर्डिना गावातले चार दिवे. त्यानंतर हॅलिगट्री नावाच्या अवाढव्य झाडाच्या फांद्यांवरून खाली, खाली, अगदी मुळाशी. तिथं ती बसलेली असते. उठते आणि सांगते की मला हार ठाऊकच नाही.

खोटं नाही बोलत बाई.

तिचा त्रास असा की तिचा वार आपल्याला लागला की तिचं रक्त भरतं. ढालीवर घेतला तरी भरतं. मी दोन्ही हातांत उचिगाताना नावाच्या तलवारी घेऊन खेळत होतो. एक सामुराई म्हणून सुरुवातीलाच मिळालेली, दुसरी लिमग्रेव्हच्या तळघरातून काढलेली. शिवाय मदतीला मिमिक टिअर, म्हणजे आपलीच दुसरी प्रत. बाकी बॉसेसना दोघं मिळून झोडपायचो. इथं उलटंच झालं. मिमिक दणादण मार खाई आणि मलेनिया त्याच्यावर पोट भरी. दुसऱ्या रात्री मी मिमिकला घरी बसवलं.

गेममध्ये पॉज नाही, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धुऱ्यावरून बाबांची हाक आली, "पाइपाचं तोंड निसटलं रे!" की मेलोच. (मेनूतल्या मदतीच्या पानावर गेलं की गेम थांबतो, हे मला नंतर कळलं. तोवर पाइपापायी वीसेक वेळा मेलो असेन.) लाइन गेली की वेगळीच मजा. मोटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर, गेम अडखळायला लागतो आणि नेमकी तेव्हाच ती हवेत उडते. डोक्यावर मडकं घालून, अंगात कपडे न घालता लोकांसाठी मलेनियाला एकटा मारून देणारा एक पठ्ठ्या 2022 मध्ये जगभर गाजला होता. त्याला बोलवावं म्हटलं, तर आमच्या मोटरच्या खोलीत नेटवर्कची एक काडी, तीही दार उघडं ठेवलं तर.

सकाळी घरी आलो की आजी चुलीपाशी बसलेली असायची. "मेली का ते बाई?"

"नाही."

"मंग तूच मेला असशीन."

चार रात्री हेच. पाचव्या दिवशी माझ्या काकाची पोरगी मधात पडली. दहावीला आहे, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. मी गोष्टीकडे कधी पाहिलंच नव्हतं. कोणी बोलायला लागलं की बटण दाबून पुढे. पण या गेममध्ये गोष्ट कोणी सरळ सांगत नाही, ती वस्तूंच्या वर्णनात लपवलेली असते. एका टोपीखाली दोन ओळी, एका राखेखाली तीन. ही पोरगी रविवारी दिवसभर माझी सगळी पेटी उघडून वाचत बसली आणि वहीत लिहीत गेली.

संध्याकाळी मला म्हणे, "दादा, तू तिले मारून रायला, पन तिले जन्मापासून लाल्या हाय, हे माहीत हाय का तुले?"

गेममधल्या स्कार्लेट रॉट या सडवणाऱ्या रोगाला लाल्या हे नाव तिनंच दिलं आणि आमच्या घरात तेच चाललं. कपाशीवर लाल्या आला की पानं कडेकडेनं लाल पडत जातात, मग आख्खं झाड वाळतं. आपण मॅग्नेशियम सल्फेट फवारतो, गेममध्ये बोलस नावाच्या गोळ्या गिळतात. केलिड नावाचा आख्खा मुलूख तिथं लाल पडलेला आहे, आणि तो पाडला मलेनियानं. ती आणि तिचा जुळा भाऊ मिकेला, दोघंही शापित. हिला जन्मजात लाल्या, तो कायमचा पोर, वाढतच नाही. मलेनियाचा उजवा हात गेलेला, तिथं सोन्याचा लावलेला. केलिडमध्ये तिची गाठ पडली रडानशी. हा रडान म्हणजे आकाशातले तारे अडवून धरणारा गडी. आपल्या मरतुकड्या घोड्यावर बसता यावं, घोड्याला भार होऊ नये, एवढ्यासाठी वजन हलकं करायची विद्या शिकलेला. दोघांत कोणी हटेना, तेव्हा तिनं अंगातला लाल्या फुलवला. तो सगळा मुलूख सडला, रडान वेडा झाला, ती बेशुद्ध पडली. मग फिनले नावाच्या तिच्या एका शिपाईणीनं तिला तिथून थेट हॅलिगट्रीपर्यंत वाहून आणलं.

"एकटीनं?" आजीनं विचारलं. ती ऐकत होती हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

ती तिथं कशाला गेली होती, हे मूळ गेम सांगत नाही. 21 जून 2024 ला आलेल्या शॅडो ऑफ द एर्डट्री या गेमच्या जोडभागात कळतं की मिकेलाला रडान आपला जोडीदार म्हणून हवा होता. म्हणजे भावासाठी. पण ते पुढचं.

माझ्या बहिणीचं म्हणणं एकच. आधी मिलिसेंटचं कर, मग मलेनियाकडे जा. मिलिसेंट ही केलिडच्या एका पडक्या देवळात लाल्यानं खितपत पडलेली पोरगी. मी तिला तशीच ओलांडून गेलो होतो. तिला बरं करायची सोन्याची सुई लाल्याच्या दलदलीतल्या एका सेनापतीकडे, आणि ती सुई दुरुस्त करून देणारा झोपडीतला म्हातारा. त्याचं नाव गौरी.

"बाप्याचं नाव गौरी?" आजी.

"तसंच हाय गेममंदी."

"मंग त्याच्यावर भरोसा नोको ठेवू."

आजीचं बरोबर निघालं. म्हाताऱ्याच्या मनात त्या पोरीबद्दल वेगळंच होतं.

सुई दिली. मग दुसऱ्या एका कॅसलमधून तिच्यासाठी नकली हात शोधून आणला, कारण हिचाही उजवा हात नाही. पवनचक्क्यांच्या गावात ती भेटली, बर्फात भेटली, शेवटी हॅलिगट्रीत. तिथल्या तळ्यातल्या सडक्या झाडाच्या राक्षसाला मारलं की जमिनीवर दोन खुणा उमटतात. एक सोनेरी, एक लाल. लाल दाबली तर आपणच मिलिसेंटला मारायचं, सोनेरी दाबली तर तिच्या चार बहिणींशी तिच्या बाजूनं लढायचं. बहीण माझ्या खांद्यामागे उभी होती, त्यामुळे प्रश्नच नव्हता. बहिणी मेल्या. मिलिसेंटनं सुई स्वतःच काढून टाकली, लाल्याच्या हातचं बाहुलं व्हायचं नाही म्हणून. ती तिथंच संपली आणि सुई माझ्याकडे राहिली. बहीण उठून बाहेर गेली, अभ्यास आहे म्हणाली.

त्यात मला जे मिळालं ते खरं कामाचं. रॉटन विंग्ड स्वोर्ड इन्सिग्निया नावाचा ताईत. लागोपाठ वार करत गेलं की मार वाढत जातो, चांगलाच वाढतो. दोन तलवारी हातात असणाऱ्याला याहून काय हवं? मी चार रात्री घालवल्या, आणि तो ताईत त्या देवळात सोडून आलेल्या पोरीच्या मागे होता.

ताईत घातला तरी मलेनियाचा नाच उरलाच. इंग्रजीत त्याला वॉटरफाउल डान्स म्हणतात, बहीण म्हणे पाणकोंबडीचा नाच. मलेनियाचं पाऊण रक्त उरलं की तो सुरू होऊ शकतो. ती हवेत उठते, एक पाय वर, क्षणभर तशीच लटकते, आणि मग वारांचा पाऊस. ढाल टिकत नाही, आपण संपतो, तिचं भरतं. मी दर वेळी घाबरून मागे लोळत होतो आणि बरोबर तिच्या पात्यांखाली सापडत होतो. पाइप बदलताना एका रात्री डोक्यात आलं की स्प्रिंकलरच्या फवाऱ्यातून आपण कसं जातो? फवारा फिरून येतो तेव्हा पळून सुटत नाही, तो अंगावर आला की त्याच्याकडेच घुसून पलीकडे निघायचं, मग भिजणं कमी. नाचाचंही तेच. ती हवेत लटकली की कॅमेऱ्याचं लॉक काढून पहिल्या फेरीपुरतं सुसाट पळायचं. दुसऱ्या फेरीला ती अंगावर आली की तिच्याकडेच लोळायचं, तिच्या खालून. तिसऱ्याला पुन्हा तिच्याकडे. अंगठ्याला हे पटायला दोन रात्री गेल्या. मनाला पटलं होतं, अंगठा ऐकत नव्हता.

शेवटच्या रात्री थंडी कडक होती. खिडकीला खताचं पोतं लावलेलं, तरी बोटं आखडत होती. मोटरच्या बॉडीवर हात धरून शेकले आणि बसलो. पहिला टप्पा रक्त भरणाऱ्या दोन बाटल्यांत निघाला. दुसऱ्यात ती फूल होऊन वरून कोसळते. पळालो. ती फुलात बसलेली असते तेवढ्या काही सेकंदांत जाऊन वार केले, ताईत चढत गेला, थोडा लाल्या अंगाला लागला, गोळी खाल्ली. मग नाच. पळालो, लोळलो, लोळलो. एक वार बसलाच, तिचं थोडं भरलं. बाटली एकच उरली होती. ती प्यायलो नाही. दोन उड्या मारून दोन्ही तलवारी घातल्या, रक्तस्राव लागला आणि तिच्या रक्ताची पट्टी रिकामी झाली. चार लाख ऐंशी हजार रून्स, म्हणजे गेममधलं चलन. ओरडायला तोंड उघडलं तर बाहेरून बाबा.

"काय रे, पाइप कधी उचलशीन? हरभरा बुडून रायला!"

साडेचार तास झाले होते. शेजाऱ्याच्या धुऱ्यापर्यंत पाणी गेलेलं. चिखलात पाइप उचलताना बाबा जे बोलले ते इथं लिहीत नाही.

सकाळी आजीला सांगितलं, "मेली."

"बरं झालं," ती म्हणाली. मग भाकर थापता थापता, "पन तिले वाहून आनलं होतं ते पोरीचं काय झालं?"

फिनलेचं पुढे काय झालं ते मला सांगता आलं नाही. तिची राख माझ्याच पेटीत आहे, हाक मारली की भूत होऊन लढायला येते, एवढंच. ते आजीला कसं सांगावं कळेना, म्हणून चहा घेतला.

बहिणीनं शाळेत जाता जाता फक्त विचारलं, फूल उरलं का. मलेनिया पडते तिथं एक लाल फूल राहतं. त्या रात्री पाइपाला गजर लावून मी परत तिथं गेलो आणि मिलिसेंटची सुई त्या फुलाला दिली. बदल्यात मिकेलाची सुई मिळाली. मला तिचा काडीचा उपयोग नाही, ती वेडाची ज्वाला अंगात घेतलेल्यांसाठी असते. तरी दिली. गजर वाजला, लॅपटॉप झाकला आणि मोटर बंद करायला उठलो.