तेरेखोलच्या पाण्यात मीटर सोडला तो दिवस

तक्रार आरोंद्याकडच्या एका खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली होती, वायंगणी (पावसाळ्यानंतरचं) भात पिवळं पडायला लागलेलं आणि गावात सगळ्यांचं ठरूनच गेलेलं की पलीकडे गोव्याच्या काठाला काहीतरी बांधलंय, म्हणून खारं पाणी आपल्याकडे सरतंय. आमचं काम पाण्यातला खारटपणा मोजणं, भांडण सोडवणं नाही, पण हद्दीवरची नदी म्हटली की आकडे बघायच्या आधीच लोक बाजू घेऊन बसलेले असतात.

तेरेखोल नदी तशी लहान. सह्याद्रीतून उतरते, बांद्यावरून खाली येते, मग उजवीकडे सिंधुदुर्ग आणि डावीकडे गोव्याचा पेडणे तालुका. मुखापाशी मात्र दोन्ही काठ गोव्याचे! उत्तरेचा तेरेखोल किल्ला पोर्तुगिजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७४६ साली घेतला, समोरचं पेडणं कायमचं त्यांच्याकडे गेलं ते १७८८ ला. पोर्तुगीज १९६१ ला गेले, त्यांनी आखलेली हद्द तशीच राहिली. आणि बांदा, जिथे आता हायवेवर चेकपोस्ट लागतो, ते एकेकाळी चांगलं चालतं बंदर होतं, दुआर्ते बार्बोझा नावाच्या पोर्तुगिजानं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. इतक्या आत गलबतं कशी जायची ते भरतीच्या वेळी होडीत बसलं की आपोआप कळतं.

किरणपाणीच्या धक्क्यावरून निघालो तेव्हा भरती नुकतीच लागलेली. वरवरचं पाणी बाटलीत घेतलं, मीटर लावला, लिटरला चारेक ग्रॅम मीठ. होडीवाले आबा बघत होते, म्हणाले, "सायबानू, वयर नको, खालचा पाणी घेवा." तळाशी मीटर सोडणारच होतो, पण म्हटलं हो आबा. आकडा वीसच्या पुढे! समुद्राचं पाणी लिटरला साधारण ३५ ग्रॅमचं, ते जड, म्हणून तळाशी पाचरीसारखं आत घुसतं आणि वरून गोडं पाणी बाहेर जात राहतं. पावसाळ्यात नदीला जोर असतो तेव्हा ही पाचर समुद्राकडे ढकलली जाते, फेब्रुवारीत कोण ढकलणार. भाताला दोनेक ग्रॅमनंच त्रास सुरू होतो.

मग दोन्ही काठ घेतले, जाताना आणि येताना. समोरासमोरचे आकडे जवळपास सारखेच, म्हणजे पलीकडून पाणी ढकललं जातंय वगैरे काही नाही. राहिला तो खाजणाचा बांध. त्यातली मोरी, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर सोडायची वाट, बघितली तर तिच्या झडपेत एक ओंडका अडकलेला. ही झडप ओहोटीला बाहेर उघडते आणि भरतीला पाण्याच्या दाबानं आपोआप मिटते, एवढंच तिचं काम, पण ओंडक्यामुळे वीतभर फट राहिलेली आणि रोज दोन भरत्या, दोन्ही वेळा तळाचं जड पाणी थेट शेतात. ओंडका काढला तरी मिटेना, फळी कुजलेली.

बांधावर जमलेल्यांना हे सांगितलं तर आधी कोणी मानायला तयार नाही. एकानं मीटरच खोटा ठरवला. मग मोरीच्या आतल्या बाजूचं पाणी बोटावर घेऊन चाखायला लावलं, तेव्हा जरा शांत झाले. लगेच पुढचा प्रश्न, झडप करणार कोण? बराच वेळ गेल्यावर एक म्हातारे म्हणाले, पेडण्यात असली कामं करणारा सुतार आहे, त्यालाच बोलवा. दुसऱ्या दिवशी तो पुलावरून स्कूटरनं आला आणि माप घेऊन गेला.