सकाळी आणि रात्री एकच जेल चालेल का?

‘पाण्यासारखे हलके मॉइश्चरायझर जेल मी सकाळी चेहऱ्याला लावते, तेच रात्री लावले तर चालेल, की रात्रीसाठी वेगळे क्रीम घ्यावे?’ असे तुमच्यापैकी अनेकजणी विचारतात. जेल एकच चालते. मात्र त्याच्यावर काय लावायचे, हे दोन्ही वेळी वेगळे ठरवावे लागते.

याचे कारण जेलच्या घडणीत आहे. त्याचा बहुतांश भाग पाणीच असतो, कार्बोमरसारख्या घटकाने त्याला दाटपणा आणलेला असतो आणि त्यात ग्लिसरीन, हायलुरोनिक अ‍ॅसिड, पॅन्थेनॉल असे ओलावा धरून ठेवणारे पदार्थ असतात. तेल अगदी थोडे किंवा मुळीच नसते. जेल पसरताच जाणवणारा गारवा पाणी उडून जाण्याचा असतो, आणि त्वचेच्या खऱ्या उपयोगी पडतात ते मागे उरणारे हे पदार्थ. (हायलुरोनिक अ‍ॅसिडचे नाव बाटलीवर ठळक छापतात, परंतु १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातून ते वेगळे काढले, त्याच्या कितीतरी आधीपासून ग्लिसरीन त्वचेसाठी वापरात आहे, आणि माझा भरवसा आजही ग्लिसरीनवरच अधिक आहे.) हे पदार्थ पाणी धरतात, पण ते उडून जाण्यापासून अडवत नाहीत. ते काम स्निग्ध पदार्थांचे आहे.

सकाळी ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण जेलवर सनस्क्रीन येते आणि बहुतेक सनस्क्रीनमध्ये थोडाफार स्निग्धांश असतोच. चेहरा धुऊन हलकेच टिपावा, तो ओलसर असतानाच जेलचा पातळ थर द्यावा, चिकटपणा जाईपर्यंत काही मिनिटे थांबावे आणि मगच किमान एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन भरपूर लावावे. घाई केली किंवा जोरात चोळले, तर दोन्हींचे बारीक गोळे होऊन निघू लागतात. वेळ वाचवण्यासाठी जेल आणि सनस्क्रीन तळहातावर एकत्र करणे मला मुळीच मान्य नाही. त्याने सनस्क्रीन पातळ होते आणि संरक्षण घटते.

रात्रीची गोष्ट निराळी आहे. त्वचेतून बाष्परूपाने बाहेर पडणारे पाणी संध्याकाळनंतर वाढते, आणि खोलीतली हवा कोरडी असेल तर जेलने धरलेला ओलावाही टिकत नाही. म्हणून कोरड्या त्वचेच्या व्यक्तींनी जेल मुरल्यावर गालांवर आणि ओठांभोवती सेरामाइड (त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध पदार्थ) असलेले क्रीम किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्यावा. तेलकट त्वचेला बहुधा नुसते जेल पुरते. मात्र तेलकट त्वचेला ओलाव्याची गरजच नसते, हा समज सोडून द्यावा. तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चेहरा तेलाने चमकत असतानाही आतून ओढल्यासारखा वाटू शकतो. रात्री रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) वापरत असाल आणि त्याने त्वचा सोलवटत असेल, तर आधी जेल लावून ते पूर्ण वाळू द्यावे आणि मग रेटिनॉल लावावे.

खरेदी करताना सुगंधविरहित जेल निवडावे आणि आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावे; चेहऱ्यावर आग होत राहिली, तर ते बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. जेल लावून तासाभरात त्वचा पुन्हा ओढली जात असेल, तर जेलचे प्रमाण वाढवू नये, त्यावर क्रीम लावावे.