पाच खाडे की सहा?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवते. या विषयात कोडला हात लावण्याआधी मुलांना एसआरएस लिहावा लागतो, म्हणजे सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं त्याचा दस्तऐवज. आयईईई या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९८ च्या ८३० क्रमांकाच्या मानकात त्याचा साचा आहे. २०११ मध्ये त्याच्या जागी २९१४८ आलं, तरी आमच्याकडच्या फायली अजून जुन्याच साच्यात निघतात. आणि फाइल कशी निघते? सीनियरची घ्यायची, नावं बदलायची, स्पायरल बाइंडिंग, सही. अशा कितीतरी फायलींवर मीही सही केली आहे आणि त्याची मला खंत आहे.

त्या मंगळवारच्या प्रॅक्टिकलला वीस जणांची बॅच होती, चार-चारांचे पाच गट. मी सांगितलं, आपला एसआरएस शेजारच्या गटाला द्या. शेजाऱ्यांनी नुसता कागद वाचून टेस्ट केसेस, म्हणजे सॉफ्टवेअर तपासून बघायची उदाहरणं, लिहायच्या, तोंडाने काही विचारायचं नाही.

एका गटाचा प्रोजेक्ट होता मेसचं ॲप. मेसमध्ये न घेतलेल्या जेवणाचा खाडा मांडतात आणि त्याचे पैसे वजा होतात. त्यात एक वाक्य होतं: 'यूझर शॅल बी एबल टू अप्लाय फॉर लीव्ह अँड द अमाउंट शॅल बी ॲडजस्टेड अकॉर्डिंगली.' इंग्रजी अगदी बिनचूक. शेजारच्या गटाने त्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'शनि-रवि-सोम खाडा टाकला. रविवारी संध्याकाळी मेस बंद. पाच खाडे की सहा?'

ॲपवाल्या गटाला विचारलं. दोघं म्हणाले पाच, एक म्हणाला सहा. कोड उघडला तर त्यात दिवस गुणिले दोन जेवणं, म्हणजे सहा. महिनाभर मांडीला मांडी लावून काम केलेल्या मुलांच्या डोक्यात त्या एका 'अकॉर्डिंगली'चे वेगवेगळे अर्थ होते.

चौथी मुलगी गप्प होती. ते वाक्य तिचंच. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता हॉस्टेलला. तिला म्हटलं, "इंग्रजी राहू दे बाजूला. उद्या तुझ्या खोलीत नवी मुलगी आली तर तिला खाड्याचं कसं सांगशील? तसंच लिही." पाच मिनिटांत तिने लिहून दिलं:

'सलग तीन दिवस खाडा असेल तरच पैसे वजा होतात. आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत मावशींना सांगायचं. सातनंतर सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या जेवणाचा खाडा धरत नाहीत.'

महिन्याभरात त्या फायलीत एवढं स्पष्ट एकही पान आलं नव्हतं. तिला सगळं माहीत होतं. ते लिहायचं असतं, हेच तिला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही लेखन म्हणजे पहिल्या वर्षाचा वेगळा पेपर, अर्ज आणि बायोडेटा, असं धरून चालतो. माझ्या मते ते इथे, कोडच्या शेजारी बसूनच शिकवायला हवं.

मग तीच वाक्यं फळ्यावर इंग्रजीत नेली. 'मस्ट' म्हणजे सक्ती, 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर सूट, 'मे' म्हणजे मर्जी. इंटरनेटच्या मानकांसाठी लिहिलेल्या १९९७ च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजाने हे अर्थ बांधून दिले आहेत. एरवी हे सांगताना मुलं घड्याळाकडे बघतात. त्या दिवशी मात्र 'सातच्या आत सांगणं' मस्ट की शुड, यावर जोरदार वाद झाला, कारण कुणी आजारी पडलं तर मावशी रात्री नऊलाही खाडा मांडतात. शेवटी शुड लिहिलं आणि आजारपणाची वेगळी ओळ घातली.

पाच की सहा, ते मात्र वर्गात सुटेना. ती मुलगी संध्याकाळी मेसमध्ये जाऊन विचारून आली. मावशी म्हणाल्या, सहा. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि तिचे दोन खाडे धरतात. उत्तर कोडशी जुळलं, पण ते निव्वळ योगायोगाने; सणाच्या सुट्टीला संध्याकाळी मेस बंद असते, फीस्ट नसते, तिथे तोच कोड मावशींचे एका जेवणाचे पैसे बुडवणार होता.

बुधवारी सकाळी तिने नवीन आवृत्ती आणून दिली. फीस्टची ओळ होती, सुट्टीची होती, आणि दोन्हींसमोर बारीक अक्षरात: 'माहिती: मेसच्या मावशी, मंगळवार.'