तुम्ही विचारलंत म्हणून: रेसिडेंटना लेक्चर द्यावं की वर्ग फ्लिप करावा?

रेसिडेंटना (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांना) नव्याने शिकवायला लागलेले हमखास विचारतात, 'लेक्चर बंद करून सगळे तास फ्लिप करू का?' (फ्लिप म्हणजे माहिती आधीच व्हिडिओतून द्यायची आणि वर्गात केस सोडवायची.) सगळे नको. माहिती पाठ असूनही निर्णय जिथे चुकतो, तेवढेच विषय फ्लिप करा.

हायपोनॅट्रेमिया, म्हणजे रक्तातलं सोडियम कमी होणं, घ्या. 24 तासांत सोडियम 8 ते 10 मिलिमोल/लिटरपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, हे कुणीही झोपेत सांगेल. ते 10-12 मिनिटांच्या व्हिडिओत आधीच देऊन टाका आणि वर्गात केस ठेवा: सोडियम 112, झटके. 3 टक्के सलाइन 100 मिली 10 मिनिटांत दिलं, झटके थांबले. सहा तासांनी सोडियम 121, लघवी तासाला 300 मिली, पाण्यासारखी. आता ऑर्डर, म्हणजे पुढे काय द्यायचं आणि काय तपासायचं, ते लिहा.

'3 टक्के बंद, चार तासांनी सोडियम' एवढं लिहून पुष्कळ जण पेन खाली ठेवतात. पण मूत्रपिंड नुसतं पाणी बाहेर टाकतंय. सलाइन बंद केलं तरी सोडियम चढतच राहणार. इथे डेस्मोप्रेसिन (लघवीतून पाणी जाणं रोखणारं औषध) आणि 5 टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून पाणी परत देण्यासाठी) यांचा विचार लगेच करायला हवा. यावरून गटात जी जुंपते, ती लेक्चरच्या चाळिसाव्या स्लाइडवर जुंपत नाही.

तासाचं गणित साधं आहे. पहिली 5 मिनिटं तीन प्रश्न, मग चार-पाच जणांच्या गटात केस, शेवटची 10 मिनिटं शिक्षकाची. प्रश्नांसाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांचा ठोकताळा कामाचा: बरोबर उत्तरं 30 टक्क्यांच्या खाली असतील तर पुन्हा समजवा, 70 च्या वर असतील तर पुढे चला, मधली असतील तर शेजाऱ्याशी बोलू द्या आणि परत विचारा.

बिघडतं कुठे? व्हिडिओ बघितलेलाच नसतो. नाइट करून आलेल्याकडून 40 मिनिटांच्या व्हिडिओची अपेक्षा ठेवणं हा शिक्षकाचा भाबडेपणा. (स्लाइडचं अक्षर मोबाइलवर वाचता येतं का, हेही कुणी तपासत नाही.) मग शिक्षकाला दया येते आणि तो सगळं पुन्हा सांगतो. पुढच्या तासाला, बघून येणारेही बघत नाहीत. त्यापेक्षा न बघितलेल्यांना तिथेच इयरफोन लावून मागे बसवा, बाकीच्यांची केस सुरू करा. बघायचा वेळ ड्युटीच्या वेळापत्रकातच धरला तर उत्तमच.

लेक्चर ठेवायचं ते सगळ्यांनाच अनोळखी असलेल्या विषयाला, किंवा मोठा हॉल आणि शिक्षक एकच असेल तेव्हा. व्हिडिओ, प्रश्न आणि केस नीट बांधायला लेक्चरच्या कितीतरी पट वेळ जातो, तोही हिशेबात धरा.

आणि फीडबॅक फॉर्मवर फार विसंबू नका. फ्लिप्ड तास रेसिडेंटना बहुधा आवडतो. लेखी परीक्षेतला फरक मात्र पुष्कळदा थोडाच निघतो. सहा आठवड्यांनी तशीच नवी केस द्या आणि ऑर्डर शीट तपासा.